हातातून सुटल्यावर

चैत्रातली पहाट आहे. तुम्ही नागझिऱ्याच्या अभयारण्यात आहात.

तळ्यासमोरच्या विश्रामगृहाच्या पायरीवर बसा. पाठ सरळ ठेवा, पण ताठ नको. हात मांडीवर असू द्या. तळवे वर.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

चोरखमारा गेटवरून सफारीच्या जिप्सी आत यायला अजून वेळ आहे. पाणी काळसर दिसतं. पलीकडच्या काठावर ऐनाची झाडं आहेत, पण अजून ती वेगवेगळी ओळखू येत नाहीत.

मोहाचं फूल गळतं. टप्.

मग बराच वेळ काही नाही.

पुन्हा, टप्.

ऐकत राहा. पुढचं फूल कधी पडेल याचा अंदाज बांधू नका. पडेल तेव्हा ऐका.

आता डोळे मिटा. या शांततेत आपण एक लेन आणू या.

बोलिंगची लेन. दहा पिनांच्या खेळाची. गोंदियाच्या जंगलात ती कुठून असणार? पण मन रिकामं असलं की लांबचंही नीट दिसतं. म्हणून इथे बसून बघू.

ही लेन क्वालालंपूरची आहे. सप्टेंबर १९९८. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा चालू आहेत. आपल्याकडे लोकांचं लक्ष क्रिकेटकडे आहे, कारण या वेळी तिथे क्रिकेटही आहे आणि सचिन खेळतो आहे. त्याच स्पर्धेत, एका बंद हॉलमध्ये, दहा पिनांचं बोलिंग चालू आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत ते पहिल्यांदा आलं आहे. त्यानंतर आजवर पुन्हा आलेलं नाही.

महिला एकेरीचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाची कॅरा हनीचर्च जिंकणार आहे. ते राहू द्या. निकालाकडे आपल्याला जायचं नाही.

हॉलमध्ये आवाज खूप आहे. पिनांचा खडखडाट, टाळ्या, लाउडस्पीकर. तो एकेक करून कमी करा. टाळ्या कमी करा. लाउडस्पीकर बंद करा. शेजारच्या लेन अंधारात जाऊ द्या.

एकच लेन उरली. तिच्याकडे बघा.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत साठ फूट. रुंदी साडेतीन फूट. शेजारी शेजारी ३९ अरुंद पट्ट्या, सरळ लांबवर गेलेल्या. दोन्ही बाजूंना गटर. टोकाला उजेडात दहा पिना. पुढे एक, तिच्यामागे दोन, मग तीन, मग चार. क्रमांक पुढून मागे, डावीकडून उजवीकडे.

श्वास घ्या. सोडा. बघत राहा.

लेनवर तेल आहे. ते दिसत नाही. पातळ थर, फाउल लाइनपासून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत पसरलेला. शेवटचा भाग कोरडा. तेलावर चेंडू घसरत जातो. कोरड्या भागात आला की तो जमीन धरतो आणि वळतो.

खेळाडू परत आलेला चेंडू उचलते आणि टॉवेलने पुसते. एकदा, दोनदा, चेंडू फिरवत. टॉवेलवर ओशट डाग उमटतो. न दिसणारं तेल तेवढंच दिसतं.

त्या पुसण्याकडे बघा. घाई नाही. पदकाची स्पर्धा आहे, तरी घाई नाही.

आता चेंडू तुमच्या हातात आहे, असं धरा.

नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त १६ पौंडांचा असतो, म्हणजे सव्वासात किलोंच्या आसपास. मांडीवरच्या तळव्यात ते वजन जाणवू द्या. मनगटात जाणवू द्या. खांद्यात जाणवू द्या.

अंगठा एका भोकात. मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या दोन भोकांत. डावा हात खालून आधाराला.

थांबा. उजवीकडच्या लेनवर कुणी आधीच उभं आहे. बोलिंगचा रिवाज असा की शेजारच्याचा चेंडू आधी जाऊ द्यायचा. जाऊ द्या.

एक श्वास. अजून एक.

आता नजर कुठे आहे ते तपासा.

ती पिनांवर गेली असेल. सगळ्यांची तिथेच जाते. पाडायचं तेच आहे, म्हणून डोळे तिकडे धावतात.

तिला परत आणा. जवळ.

फाउल लाइनच्या पुढे साधारण १५ फुटांवर लेनवर सात बाण काढलेले असतात. छोटे, त्रिकोणी. मुरलेले खेळाडू बहुधा पिनांकडे बघून टाकत नाहीत. ते एक बाण निवडतात. चेंडू त्या बाणावरून गेला पाहिजे, एवढंच ठरवतात. पुढचे ४५ फूट ते लेनवर सोपवतात.

नागझिऱ्याचे गाईडही असेच बघतात. पर्यटक लांबच्या झाडीत वाघ शोधतात, तेव्हा गाईडची नजर जिप्सीपुढच्या धुळीत असते. पगमार्क ताजा आहे का? पाऊल कुठल्या बाजूला वळलं? कान चितळाच्या कॉलकडे. वाघ दिसणं त्यांच्या हातात नसतं. धूळ वाचणं असतं.

तुमचा बाण बघा. एकच. त्याच्यावर नजर टेकवा.

नजर हलली तर हलू द्या. पुन्हा बाणावर आणा. पुन्हा हलली, पुन्हा आणा. रागावू नका.

आता चाला. चार पावलं, हळू. हात मागे जातो, चेंडूच्या वजनाने खाली येतो. त्याला ढकलू नका. तो आपल्या भाराने येतो आहे.

शेवटचं पाऊल घसरतं. अंगठा आधी सुटतो. मग दोन बोटं.

सुटला.

इथेच थांबा. या क्षणी.

चेंडू हातात नाही. अजून पिनांपाशीही नाही. तो वाटेत आहे. पोचायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. या अडीच सेकंदांत खेळाडूला काहीही करता येत नाही. ओरडून तो वळत नाही. अंग वाकवून वळत नाही. तरी माणसं वाकतात, तुम्ही पाहिलं असेल.

तुम्ही वाकू नका. हात पुढेच राहू द्या. तळवा उघडा.

श्वास सोडा.

चेंडू बाणावरून गेला. तेलावरून घसरतो आहे. आवाज एकसारखा, खालचा, लांब जाणारा. आता कोरडी लेन. चेंडू वळतो.

पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधोमध तो शिरतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची ही जागा. तिला पॉकेट म्हणतात.

इथे अगदी हळू बघा.

चेंडू पहिल्या पिनेला लागतो. मग तिसरीला. मग पाचवीला. मग नववीला. आणि मागच्या खड्ड्यात जातो.

चार पिना. एकाच चेंडूत दहाही पिना पडल्या की स्ट्राइक. नेमक्या बसलेल्या स्ट्राइकमध्ये चेंडू तेवढ्याच पिनांना शिवतो.

पहिली पिन दुसरीला पाडते. दुसरी चौथीला. चौथी सातवीला. तिसरी सहावीला पाडते, सहावी दहावीला. पाचवी आठवीला.

उरलेल्या सहा पिनांना चेंडूचा स्पर्शही होत नाही. त्या एकमेकींमुळे पडतात.

हे पुन्हा एकदा बघा. शब्द सोडून द्या, नुसतं बघा. चार. मग सहा.

आता दुसरा चेंडू आणू. तोच बाण, तेच पॉकेट, तोच आवाज. नऊ पिना पडतात. उजव्या कोपऱ्यातली दहावी उभी राहते. सहावी पिन तिच्या भोवतीने निघून गेली. चेंडू टाकण्यात चूक सापडत नाही. तरी ती उभी आहे.

तिच्याकडे बघा. मनात काय उठतं ते बघा. चिडचिड असेल. असू दे. आत घेतलेल्या श्वासाबरोबर ती येते. सोडलेल्या श्वासाबरोबर थोडी सैल होते.

चेंडू परत येतो. टॉवेल. पुसणं. फ्रेममध्ये, म्हणजे खेळाच्या एका डावात, दुसरी संधी असते. उरलेली एक पाडली तर स्पेअर.

पुन्हा बाण निवडा. या वेळी वेगळा, त्या कोपऱ्यासाठीचा. पुन्हा चार पावलं. पुन्हा अंगठा आधी सुटतो.

ती पडली की नाही, हे आज बघू नका. सुटलेल्या हाताजवळ राहा.

श्वास घ्या. सोडा.

लेन मावळू द्या. पिना मावळू द्या. मांडीवरचा हात जाणवू द्या. त्यात आता वजन नाही. बोटं एकदा मिटा, एकदा उघडा. मग डोळे उघडा.

उजाडलं आहे. ऐनाची झाडं आता वेगवेगळी दिसतात. उठायची घाई करू नका.

हे मनन करायला नागझिरा लागत नाही, बोलिंगची लेनही लागत नाही. परीक्षेचा पेपर असेल, मुलीला परगावी धाडायचं असेल, शेतात पेरणी असेल, तेव्हाही करता येतं. आधी जवळचा बाण शोधा. तिथपर्यंतचं काम मन लावून करा. मग हात उघडा. चार पिना तुमच्या आहेत. बाकीच्या सहांचा भार अंगावर घेऊ नका.