मनाची भूक आणि स्वतःवरची माया

पोट रिकामे नसताना मनातली अस्वस्थता शमवण्यासाठी खाणे म्हणजे भावनिक खाणे. पोटाची भूक हळूहळू वाढते, भाजी-भाकरीवर भागते आणि पोट भरले की थांबते. मनाची भूक एकाएकी उसळते. तिला गोड किंवा चमचमीतच हवे असते आणि पोट भरल्यावरही हात डब्याकडे जातच राहतो.

ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोड-तेलकट खाण्याची ओढ लागते. खाल्ले की घटकाभर बरे वाटते. त्यात रडणाऱ्या लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवण्याची आपली रीत. दुःखावरचा उतारा खाण्यात आहे, हे मन लहानपणीच शिकते.

मोठेपणीही ही शिकवण सुटत नाही. मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. तिथल्या दापोऱ्यासारख्या गावांचे सुखदुःखही शेतीला बांधलेले. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ सुटले की घडांनी वाकलेल्या केळी एका रात्रीत आडव्या होतात. कर्जाचा हप्ता मात्र उभाच राहतो. घरात त्यावर कोणी बोलत नाही. सगळ्यांची जेवणे आटोपून, भांडी घासून झाल्यावर घरची बाई ओट्यापाशी उभ्या-उभ्या शेवेचा डबा उघडते. कामासाठी बुऱ्हाणपूरला गेलेला गडी मावा जिलेबीची अख्खी पुडी एकटाच संपवतो. शेवेचा किंवा जिलेबीचा यात दोष नाही. चार माणसांत वाटून खायचा पदार्थ चोरून खावा लागतो, तेव्हा दुखणे दुसरीकडेच असते.

खाऊन झाल्यावर अपराधी वाटते. माणूस स्वतःला बोल लावतो, उद्या कडक उपवास करायचे ठरवतो. उपाशी आणि चिडलेले मन संध्याकाळी पुन्हा डब्यापाशी येते. देवासाठी धरलेला उपवास वेगळा आणि स्वतःला शिक्षा म्हणून केलेला वेगळा. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच अगदी न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे.

अमेरिकेतील क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिले. त्यातील काहींना, असे कधीकधी सगळेच खातात, मनाला लावून घेऊ नका, असे सांगितले. एरवी खाण्यावर कडक बंधन घालून अपराधी वाटून घेणाऱ्या मुलींनी हा दिलासा मिळाल्यावर पुढची मिठाई कमी खाल्ली.

स्वतःवर माया करणे म्हणजे स्वतःचे लाड पुरवणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ या मायेची तीन अंगे सांगतात: स्वतःशी मायेने वागणे, असे दुःख सर्वांच्याच वाट्याला येते हे ओळखणे आणि मनात काय चालले आहे ते न झाकता, न वाढवता पाहणे. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. डबा उघडण्याआधी क्षणभर थांबून भूक कुठली ते विचारावे. पोटाची असेल तर ताट वाढून, बसून जेवावे. मनाची असेल तर राग, काळजी, एकटेपणा, जे असेल ते जवळच्या माणसाला सांगावे. तरीही खाल्ले गेले, तर पुढचे जेवण वेळेवर आणि नेहमीसारखेच घ्यावे.

ताबा सुटून खाणे वारंवार होत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. ताप आला की डॉक्टरकडे जाण्यात कोणी कमीपणा मानत नाही. इथेही मानू नये.