धन्यावाचून नेम

नोकरी करणाऱ्याचा दिवस दुसऱ्याने आखून दिलेला असतो. भोंगा झाला की आत जायचे, भोंगा झाला की बाहेर यायचे. वर साहेब असतो, हजेरी असते, उशीर झाला तर पगाराला कात्री लागते. परंतु आपल्या पिंप्राळ्यात आणि भोवतालच्या गावांतून जरा फिरून पाहावे, तर ज्यांना साहेबच नाही अशी माणसे पावलोपावली भेटतील. कोणी केळीचा शेतकरी, कोणी किराणा दुकानदार, कोणी शिंपी. कोणी घरी पापड लाटून विकणारी माउली, तर कोणी मोबाईल दुरुस्त करणारा किंवा घरात बसून संगणकावर परगावचे काम करणारा तरुण. यांना विचारा, ‘तुमचा धनी कोण?’ ते म्हणतील, ‘आमचे आम्हीच!’

ऐकायला किती गोड वाटते! पण रात्री अंथरुणाला पाठ लागली की हाच मनुष्य म्हणतो, ‘आजचा दिवस कुठं गेला, कळलंच नाही बुवा!’ सकाळी चहा झाला, चार फोन झाले, एक पाहुणा आला, बाजाराचा भाव पाहिला, दोन कामे अर्धवट झाली आणि संध्याकाळ झाली. जो स्वतःच्या दिवसाचा मालक, त्याचाच दिवस हरवतो कसा? आणि हरवू नये म्हणून त्याने स्वतःला नेम लावून घेतला, तर तो पाळण्याचे बंधन त्याच्यावर कोणाचे? आपणच दिलेला शब्द आपणच मोडला, तर त्यात बिघडले कुठे? आज या प्रश्नाचा विचार वाचकांसमोर ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाहेरचा धनी गेला म्हणजे मनुष्य मोकळा झाला असे होत नाही. त्या गादीवर मन येऊन बसते, आणि मनासारखा लहरी धनी दुसरा नाही. एक दिवस ते म्हणते, ‘राहू दे रे, उद्या बघू. तुला कोण विचारणार आहे?’ दुसऱ्या दिवशी उधारीची वही दिसते, कर्जाचा हप्ता आठवतो, आणि तेच मन आसूड घेऊन उभे राहते. मग रात्रीचे बारा वाजले तरी मशीन चालू, जेवण उभ्याउभ्या, लेकरू निजून गेलेले. आज आळस, उद्या ओढाताण. अशा चाकरीत शरीर झिजते, घर रुसते, आणि कामही धड होत नाही. साहेबाच्या जाचातून सुटलेला मनुष्य स्वतःच्याच जाचात सापडतो.

आता आपल्या संतांकडे पाहू. दामाजीपंत किंवा जनार्दनस्वामी यांच्यासारखे राजाच्या चाकरीतले संत थोडे. सावता माळी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, नामदेवरायांच्या घरचे शिवणकाम, तुकोबांच्या घरची वाण्याची दुकानदारी, ही सारी स्वतःच्या हातावर पोट असलेली माणसे. अरणचे सावतोबा इ. स. १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीस समाधिस्थ झाले. हयातभर त्यांनी मळा सोडला नाही आणि मळ्यातच देव पाहिला, अशी परंपरा सांगते. माळ्याला हजेरी कोण लावणार? पण रोपाला आज पाणी दिले नाही, तर ते उद्या सुकलेले दिसते. सावतोबांना नेम मळ्यानेच घालून दिला होता.

आमच्या मते प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. ‘मी माझ्यासाठी काम करतो’ हे बोलणे सोयीचे आहे, खरे नाही. शिंप्याकडे लग्नाचे कपडे टाकलेले असतात. तारीख चुकली तर मुहूर्त थांबत नाही. दुकानदाराच्या दारात सकाळी हातमजूर येतो. दुकान उघडलेले नसेल तर तो रिकाम्या पिशवीने कामावर जातो. धनी कोणी नाही हे कबूल, पण ऋण आहे. नेम मोडला की नुकसान आधी त्यांचे होते, आणि मग आपले. आपले नुकसान तर फारच मोठे. दहा वेळा ‘उद्या नक्की’ म्हणून मोडलेल्या शब्दानंतर मनुष्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. ज्याचा स्वतःवर विश्वास नाही, त्याला मग भीतीच कामाला लावते.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि घर, शेत, लेकरे सारे त्यांच्यावर पडले. त्यांच्यावर मुकादम कोण होता? पण पहाटे दळण झाले नाही, तर सकाळी भाकरी नाही. पुढे १९५१ साली त्या गेल्या. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ती गाणी त्यांना फुरसतीत बसून सुचलेली नव्हती. जात्यावर, चुलीपुढे, शेतात हात चालू असता ती आली. नेमाने मनुष्य यंत्र होतो असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. हात ठरलेल्या कामात रमले म्हणजे मन मोकळे होते; सकाळपासून ‘आता काय करू?’ असे घोळत बसले, तर ते कशालाच मोकळे राहत नाही.

नेम धरावा हे पटले, तरी तो कसा धरावा? पहिली गोष्ट, तो लहान असावा. आपल्या संप्रदायाने गृहस्थाला काय सांगितले ते पाहा. गळ्यात तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षाची वारी. शेतकऱ्याला दिवेलागणीनंतर म्हणता येईल इतकाच हरिपाठ आहे, म्हणून तो शेकडो वर्षे टिकला. पण नव्या धंद्यातला मनुष्य पहिल्याच दिवशी पहाटे चारपासून रात्री दहापर्यंतचा तक्ता भिंतीवर लावतो, आणि आठवड्यात तो तक्ता भिंतीवरच राहतो. त्यापेक्षा एकच ठरवावे. दुकान उघडल्यावर गल्ल्याला हात लावण्याआधी कालची वही पुरी करीन. किंवा सकाळी फोन हाती घेण्याआधी एक सदरा शिवून उतरवीन. इतके सहा महिने टिकले, तर पुढचे आपोआप सुचते.

दुसरी गोष्ट, नेम घड्याळाला बांधण्यापेक्षा घडणाऱ्या गोष्टीला बांधावा. शेतपंपाला वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. मग ‘सकाळी सहाला अमुक’ हे शेतकऱ्याला जमणार कसे? पण ‘पाणी बंद करून घरी आलो की आधी हिशोब टिपीन’ हे कोणत्याही पाळीला जमते. आपल्याकडचा वैशाखही तसाच. पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, तेव्हा दुपारी अंग मोडून काम करणे हे शौर्य नव्हे. उन्हाळ्याचा नेम वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. वारीचाही क्रम आषाढात एक, कार्तिकात एक असा आहेच की!

तिसरी गोष्ट पुंडलिकरायांकडून शिकावी. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आईबापांची सेवा चालू होती, आणि दारात साक्षात देव आला. पुंडलिकाने हातची सेवा सोडली नाही, आणि देवाला हाकललेही नाही. वीट सरकवली, म्हणाला, यावर उभे राहा. घरात किंवा दुकानात काम करणाऱ्याच्या दारात दिवसभर कोणी ना कोणी उभे असते. फोन वाजतो, शेजारी गप्पांना येतो, नातलग म्हणतो, ‘तू तर घरीच असतोस ना, जरा एवढं करून दे.’ प्रत्येक हाकेला उठणारा काम गमावतो, आणि प्रत्येकावर खेकसणारा माणसे गमावतो. त्याऐवजी वीट द्यावी. ‘बस भाऊ, एवढं काज संपवतो.’ ‘काकू, चारला येतो, नक्की.’ मात्र चार म्हटले की चारलाच जावे. दिलेली वीट खरी असली, तरच समोरचा तिच्यावर उभा राहतो.

चौथी गोष्ट थांबण्याची. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो, कार्तिकीला जळगावात रामरथ निघतो. रथ ओढायला शेकडो हात पुढे येतात, हौस सर्वांनाच असते. पण चाकाखाली मोगरी लावणारे सेवेकरी नसतील तर? लाकडाचा तो ठोकळा वेळेवर चाकाला लावला, तरच रथ वळतो आणि थांबतो. नाही तर तोच रथ भक्तांच्या अंगावर जाईल. स्वतःच्या धंद्याला ओढणारे पुष्कळ असतात. लोभ ओढतो, कर्ज ओढते, शेजाऱ्याची माडी ओढते. म्हणून संध्याकाळी मोगरी लावावी. अमुक वेळेनंतर शटर खाली, मशीनवर कापड टाकले, वही मिटली. मुक्ताईंची पालखी आपल्या खानदेशातून निघून महिनाभर चालते. पाय चालतात म्हणून ती दोन मुक्काम एका दिवसात करीत नाही. ठरला मुक्काम आला की थांबते, जेवते, कीर्तन ऐकते, निजते. म्हणूनच ती पंढरीला पोचते.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो खरा आहे. नेमात मनुष्य आंधळा होत नाही काय? गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. चिखल तुडवता तुडवता नामात ते इतके रंगले, की पायाखाली आलेले स्वतःचे लेकरू त्यांना कळले नाही. पुढे देवकृपेने ते मूल परत मिळाले, असे कथा सांगते. भक्तीची थोरवी म्हणून ती कथा आपण ऐकतो, आणि ऐकावी. पण आपण संसारी माणसांनी तीत एक इशाराही ऐकावा असे आम्हाला वाटते. आपल्या घरात लेकरू रांगत असते, म्हातारी आई हाक मारीत असते, बायकोच्या चेहऱ्यावर काही निराळे दिसत असते. कामाच्या नादात ते तुडवले गेले, तर ते परत मिळेलच असे नाही.

मग पुंडलिकही थांबला नाही आणि गोरोबाही थांबले नाहीत, यांत फरक काय? फरक असा की दारात कोण आले हे पुंडलिकाने पाहिले होते. त्याचा नेमच मुळी माणसांसाठी होता. नेमाला डोळे असावेत, असे आमचे म्हणणे आहे. वीट द्यायची की हातचे काम टाकून धावायचे, हे ठरवायला आधी मान वर करून पाहावे लागते. शेजारी ताप चढला, कोणी विहिरीत पडले, पोरगा परीक्षेत नापास होऊन गप्प बसला, तर त्या दिवशी नेम मोडणे हाच नेम. ज्याला ‘माझा नेम कधी चुकत नाही’ याचाच अभिमान चढला, त्याने साहेबाची जागा अहंकाराला दिली इतकेच.

आणि नेम चुकला तर? आजारपण येते, मयत होते, कधी नुसता कंटाळाही येतो. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुपटीने भरून काढू नये. दुपटीचे ओझे तिसऱ्या दिवशी नेमालाच मोडते. चुकला तो गेला, आजचा आज करावा. एका साली वारी हुकली म्हणून वारकरी पुढच्या साली दोनदा आषाढी करीत नाही. माळ तीच, वाट तीच, तो पुन्हा चालू लागतो.

असो. आमच्या वाचकांत स्वतःच्या धंद्यावर जगणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढे लिहिले. उद्या सकाळी काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी एवढेच मनाशी म्हणावे, की आजचा माझा दिवस अमक्या-अमक्यासाठी आहे. नावे घ्यावीत, ज्याचे कपडे शिवायचे त्याचे, ज्या लेकराची फी भरायची त्याचे. आणि मग लहानसे जे ठरवले असेल त्याला हात घालावा. साहेब नसला, तरी विटेवरचा आहेच. तो हजेरी घेत नाही, पगार कापत नाही. कमरेवर हात ठेवून आपले काम होईपर्यंत उभा राहतो.

रामकृष्णहरि.