थट्टेचे नाणे आणि नावाचा प्रश्न

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्या घराघरांत परिचित आहे. नाव मोठे आणि लक्षण खोटे, असा तिचा रोख. परंतु संगणकाच्या जगात काही चलनांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले आहे. त्यांनी आपण होऊन हलके नाव धारण केले, 'आम्ही केवळ थट्टा आहोत' असे जाहीर केले आणि हातात मात्र लोकांच्या खऱ्या पैशाचे सोने भरून घेतले. या चलनांना 'मीम कॉइन' म्हणतात. मीम म्हणजे मोबाईलवरून एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारे गमतीचे चित्र. त्यावर बेतलेले नाणे ते मीम कॉइन. आपण त्याला थट्टेचे नाणे म्हणू. हे नाव त्यांना आज शोभते काय? प्रश्न वरकरणी शब्दाचा वाटतो. परंतु एखाद्या व्यवहाराला थट्टा म्हटले की करणाऱ्याची जबाबदारी आपोआप हलकी होते, आणि म्हणून हा प्रश्न नीतीचाही आहे.

या कुळाचा मूळपुरुष डोजकॉइन. डिसेंबर २०१३ मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर या दोघांनी ते निर्माण केले. बिटकॉइनभोवती जे गांभीर्याचे आणि लोभाचे वलय जमू लागले होते त्याची टिंगल करावी, एवढाच हेतू. जपानमधील एका शिक्षिकेच्या काबोसू नावाच्या कुत्रीचा तिरक्या नजरेचा चेहरा नाण्यावर आला. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांवर थांबायची आहे; डोजकॉइन मात्र वर्षाला सुमारे ५ अब्ज या गतीने निघतच राहते. दुर्मीळपणाचा आवदेखील त्याने आणला नाही. लोक ही नाणी एकमेकांना शाबासकी म्हणून देत. २०१४ साली जमैकाच्या बॉबस्ले संघाला हिवाळी ऑलिम्पिकला धाडण्यासाठी आणि केनियात पिण्याच्या पाण्याच्या सोयीसाठी त्यांतून वर्गणी जमली. मार्कसने २०१५ साली आपल्याजवळची सर्व नाणी विकली, तेव्हा एक जुनी मोटार घेण्याइतके पैसे आले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे.

संत ऑगस्टिन यांनी असत्यावर लिहिताना थट्टेला असत्याच्या यादीतून प्रारंभीच वगळले आहे. का? तर थट्टा करणाऱ्याच्या सुरातून आणि मुद्रेतून फसविण्याचा हेतू नाही हे समोरच्याला स्पष्ट दिसते. थट्टेला निर्दोष ठरवते ते बोलणाऱ्याचे मन एकटेच नव्हे. ती थट्टा आहे हे ऐकणाऱ्यालाही उमगले पाहिजे. या कसोटीवर २०१४ चे डोजकॉइन निर्मळ उतरते. भातुकलीत खड्यांचे रुपये करून मुले खेळतात, तसे ते होते. खडा देणारा आणि घेणारा दोघेही खडाच समजत होते.

मग भातुकलीत खरे रुपये आले. मे २०२१ मध्ये डोजकॉइनचे एकंदर मूल्य ८० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेले. इलॉन मस्क यांच्या विनोदी संदेशांचा त्यात मोठा वाटा होता. ८ मेच्या रात्री ते अमेरिकेतील एका दूरचित्रवाणीवरील हास्यकार्यक्रमात अर्थतज्ज्ञाचे सोंग घेऊन आले. डोजकॉइन म्हणजे नेमके काय, असे त्यांना पुनःपुन्हा विचारण्यात आले आणि अखेर तो लुबाडणुकीचा धंदा असल्याचे त्या पात्राने मान्य केले. प्रेक्षक हसले. त्याच रात्री किंमत एक-चतुर्थांशाहून अधिक कोसळली. प्रेक्षकांत आणि गुंतवणूकदारांत त्या रात्री फारकत झाली, असे मला वाटते. विनोद तोच, पण ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या खिशात हात गेलेला.

याच आठवड्यात आपल्या देशाशीही या नाण्यांचा संबंध आला. शिबा इनू नावाच्या दुसऱ्या श्वाननाण्याच्या कर्त्यांनी आपली निम्मी नाणी, न मागता, व्हिटालिक ब्युटेरिन या प्रसिद्ध संगणकतज्ज्ञाच्या नावे करून ठेवली होती. कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारत प्राणवायूसाठी तळमळत असताना त्यांनी त्यांतील सुमारे एक-दशांश हिस्सा येथील मदतनिधीला दिला. कागदावर त्याचे मूल्य सुमारे १ अब्ज डॉलर होते. प्रत्यक्ष विक्रीत बरेच कमी आले. दान मोठेच. मात्र तो पैसा आला कोठून? नाणे चढेल या आशेने ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्याकडून. दानाच्या वार्तेबरोबर किंमत घसरली तेव्हा त्या अनाम खरेदीदारांनीही, न कळत, त्या निधीत भर घातली होती.

येथे थट्टेच्या नावाची बाजूही मांडली पाहिजे. २०२२ हे वर्ष आठवावे. मे महिन्यात टेरा हे अत्यंत गंभीर शास्त्रीय भाषेत वर्णिलेले चलन बुडाले. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हा नावाजलेला विनिमय-बाजार बुडाला आणि त्याच्या संस्थापकाला पुढे, २०२४ साली, पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. तेथे कोणी थट्टेचा शब्दही काढला नव्हता. त्या तुलनेत 'मी निरर्थक आहे' असे कपाळावर लिहून फिरणारे नाणे अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. विषाच्या बाटलीवर कवटीचे चित्र असते, तसे हे नाव होते.

परंतु तेच चित्र पुढे विकणाऱ्याची ढाल झाले. जानेवारी २०२४ मध्ये 'पंप डॉट फन' ही सोय निघाली; तिच्यावर कोणालाही काही मिनिटांत नवे नाणे काढता येते, आणि लक्षावधी नाणी निघाली. १७ जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्षपदाच्या शपथविधीला तीन दिवस उरले असताना, डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचे नाणे आले. त्यातील ८० टक्के वाटा त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे राहिला. हे नाणे म्हणजे पाठिंब्याचे प्रतीक आहे, गुंतवणूक नव्हे, असे विक्रीच्या पानावर छापलेलेच होते. दोन दिवसांत किंमत ७० डॉलरवर चढली. एप्रिलमध्ये ती १० डॉलरच्याही खाली होती. फेब्रुवारीत अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिलेई यांनी 'लिब्रा' या नाण्याची शिफारस केली, तीही लहान उद्योगांना भांडवल मिळावे म्हणून, अगदी गंभीरपणे. काही तासांत ते कोसळले, शिफारस पुसली गेली, आणि मग सर्वांनी त्याला थट्टेच्या नाण्यांत बसविले. नाणे बुडाल्यावर चिकटविलेले हे नाव पाहून कोणालाही चमत्कारिक वाटावे. मस्करीची कुस्करी होते हे आपण जाणतो. येथे आधी कुस्करी झाली, मस्करी मागाहून आली.

यावर एक आक्षेप येईल. घेणारा काही कुकुले बाळ नाही. नाणे निरर्थक आहे हे त्यालाही ठाऊक असते. हे बरेचसे खरे आहे आणि त्यातच खरी मेख आहे. तो हसण्यासाठी घेत नाही, आपल्यामागून कोणी अधिक भोळा येईल या भरवशावर घेतो. मोबाईलवर असे नाणे घेणाऱ्या घरातील मुलाला, ते खरे की खोटे हे विचारण्यापेक्षा, 'तू ते कोणाला विकणार?' असे विचारावे. कारण नाणे काही पिकवत नाही. एकाचा नफा म्हणजे उशिरा आलेल्याचे नुकसान. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो हे आपण म्हणतो. येथे प्रत्येक उंदीर आपण मांजर आहोत असे समजून शिरतो. म्हणून त्याला निव्वळ फसविला गेलेला म्हणणेही मला जड जाते. पण थट्टा तर हे नक्कीच नाही, कारण शेवटी ज्याच्या हातात नाणे उरते तो हसत नसतो. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या डोजकॉइनला ते नाव खुशाल राहू द्यावे. पुढच्यांना सोडतीचे नाणे म्हणावे, जुगाराचे म्हणावे. फार तर एवढे ध्यानात ठेवावे की सोडतीत निदान तिकिटे किती आणि बक्षिसे किती हे आधी छापलेले असते.

नावाने काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी २७ फेब्रुवारी २०२५ चे अमेरिकेतील रोखे-नियामक आयोगाच्या एका विभागाचे निवेदन पाहावे. अशी नाणी सामान्यतः करमणुकीसाठी घेतली जातात, ती संग्रहाच्या वस्तूंसारखी आहेत, म्हणून ती रोखे ठरत नाहीत, आणि घेणाऱ्यांना रोख्यांच्या कायद्याचे संरक्षण नाही, असा त्याचा आशय आहे. फसवणुकीचे इतर कायदे उभे आहेतच. पण एक मोठे दार केवळ 'करमणूक' या शब्दाने बंद झाले. आपल्याकडे दार निराळे आहे. एप्रिल २०२२ पासून अशा सर्व आभासी मत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बिटकॉइन असो वा कुत्र्याचे चित्र, आयकराच्या विवरणपत्रात त्यांना एकच रकाना आहे.