संथ बोटीची मजा

‘स्पीड’ची (१९९४) गोष्ट एका वाक्यात मावते. बसचा वेग ताशी ५० मैलांच्या खाली आला की बॉम्ब फुटणार. या एका अटीमुळे लॉस एंजेलिसमधलं प्रत्येक वळण, प्रत्येक सिग्नल, मध्येच आलेली बाबागाडी हे सगळं जिवावर बेतणारं होतं. तीन वर्षांनी त्याच दिग्दर्शकानं, यान द बाँटनं, ‘स्पीड २: क्रूझ कंट्रोल’ काढला आणि गोष्ट नेली कॅरिबियन समुद्रावर. पहिल्या भागाचा नायक कियानू रीव्ह्जनं नकार दिला, त्याच्या जागी जेसन पॅट्रिक आला. मागे राहिलेल्या सँड्रा बुलकनंही पुढे या चित्रपटाबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. वर कुचेष्टेचा रॅझी पुरस्कार पदरात पडला.

चुकलं कुठे, हे सांगायला समीक्षक लागत नाही. वेग दिसायला शेजारी काहीतरी स्थिर असावं लागतं. बसला खांब होते, दुकानं होती, इतर गाड्या होत्या. भर समुद्रात आलिशान बोट धावते आहे की डुलते आहे, हेच कळत नाही. मधला तासभर माणसं दारं उघडतात, दारं लावतात, पाण्यात पडतात. तिकीट काढून गेलेला प्रेक्षक चिडला, तर त्याचं काही चुकलं नाही. पहिल्या भागाच्या नावावर त्याच्याकडून पैसे घेतले होते.

पण तो हिशेब आता जुना झाला. आज हा चित्रपट लावणाऱ्याला कुणी काही कबूल केलेलं नाही, आणि तिथेच मजेला जागा मिळते. चांगला थरारपट आपल्याला मान वळवू देत नाही. फसलेल्या थरारपटात नजर मोकळी सुटते. मग दिसतो विलेम डफो. त्याचा खलनायक संगणकतज्ज्ञ आहे, कामामुळे त्याच्या रक्तात तांबं साठलंय, म्हणून तो अंगाला जळवा लावून घेतो. जळवांनी तांबं कसं उतरतं, हे पटकथेनं विचारलेलं नाही आणि डफोनं तर नाहीच. आजूबाजूचे सगळे जण कामावर आलेत, हा एकटा जत्रेला आलाय.

आणि मग शेवट. बोट सेंट मार्टिन बेटावरच्या मारिगोत गावात घुसते. यासाठी मोडायला म्हणून वेगळी घरं बांधली होती, बोटीचा अवाढव्य पुढचा भाग तयार करून रुळांवर बसवला होता. संगणकाच्या चित्रांनी सगळं भागवण्याचे दिवस अजून यायचे होते. बरीचशी लाकडं खरोखर मोडतात. बोट इथेही संथच आहे. पण आता तिच्या शेजारी धक्का आहे, होड्या आहेत, गच्च्या आहेत. माणसांना ती येताना दिसते, पळायला वेळ मिळतो, तरी ती थांबत नाही. बसच्या गोष्टीत भीती वेगाची होती, इथे ती वजनाची आहे. पहिल्या, सर्वार्थानं सरस चित्रपटाकडे ही कल्पना नव्हती. नक्कल करायला निघालेल्या सीक्वेलला ती वाट चुकल्यामुळे सापडली, आणि सापडली तेव्हा चित्रपट संपत आला होता. (त्याच वर्षअखेरीस, हा चित्रपट काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओचाच वाटा असलेली दुसरी बोट, ‘टायटॅनिक’, पडद्यावर आली. तिनं तिजोरी भरली.)

टवाळी करत पाहण्याचीही एक रीत आहे. मित्र जमवायचे, संवादासंवादाला खिदळायचं. मला ती कद्रू वाटते. तिथे आपण चित्रपटापेक्षा हुशार आहोत एवढंच पुन्हा पुन्हा सिद्ध होतं, आणि त्यासाठी दोन तास जास्तच झाले. समीक्षक रॉजर ईबर्टनं या चित्रपटाला चारपैकी तीन तारे दिले आणि त्यावरून वर्षानुवर्षं चेष्टा ऐकली. माझे तारे त्याच्याहून कमी पडतील. पण तो ज्या प्रसन्नपणे बसला असेल, तसं बसणं मला पटतं.

पाहायचाच असेल तर मधला भाग खुशाल पुढे ढकला. जळवा मात्र चुकवू नका.