भाडे कशाचे?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आमच्या पूर्वजांनी केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बांधणाराचे हाल होते. बांधून झालेले घर दुसऱ्यास राहावयास दिल्यावर मनाचे जे हाल होतात, त्यांची कल्पना बहुधा त्यांस नसावी. बंगळुरात चाळीस वर्षे काढल्यावर आम्हांस ती आली आहे. त्यांपैकी पहिली एकोणीस वर्षे आम्ही भाडेकरू होतो. गेली एकवीस वर्षे घरमालक आहो. एकाच मनुष्याने एकाच खटल्यात प्रथम वादी म्हणून आणि मग प्रतिवादी म्हणून उभे राहावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून आमची साक्ष अगदीच निरुपयोगी ठरणार नाही, अशी आशा आहे.

आमचे घर बनशंकरीत आहे. खाली आम्ही राहतो, वर दोन बिऱ्हाडे आहेत. ही रचना काही आमची एकट्याची नव्हे. १९४० साली विमानांचा कारखाना निघाला, १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली घड्याळे व यंत्रे करणारा आणि १९५४ साली इलेक्ट्रॉनिक्सचा. या कारखान्यांच्या आश्रयाने जो मध्यमवर्ग येथे रुजला, त्याने आयुष्यभराच्या बचतीतून एक ‘साईट’ घेतली, तळमजला बांधला, आणि म्हातारपणाची सोय म्हणून वर मजले चढविले. या मालकांस कोणी गुंतवणूकदार म्हटले तर ते दचकतील. तथापि शब्द टाळला म्हणून व्यवहार टळत नाही. घराच्या किमतीवर भाडे शेकडा किती पडते, याचा हिशेब आम्हीही मनातल्या मनात केलेला आहे.

प्रश्न उभा राहिला तो २०२३ साली. वरच्या मजल्यावर आठ वर्षे एक कानडी कुटुंब राहत होते. नवरा खासगी शाळेत शिक्षक, बायको घरी शिवणकाम करणारी, मुलगी नववीत. भाडे चौदा हजार. साथीच्या काळात ओस पडलेले हे शहर कचेऱ्या पुन्हा उघडताच गजबजले, आणि भाडी झपाट्याने चढली. शेजारच्या घरातली तेवढीच जागा चोवीस हजारांस गेली. एक दलाल येऊन सांगून गेला की, सव्वीस हजार देणारा आणि दहा महिन्यांची अनामत रोख मोजणारा तरुण आपल्यापाशी तयार आहे. अकरा महिन्यांचा करार पुढच्याच महिन्यात संपत होता. आमच्या चिरंजिवांनी परगावाहून फोनवर हिशेब मांडला : वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजारांचे नुकसान. त्याच संध्याकाळी शिक्षक जिन्यात भेटले. त्यांच्या कानी काही आले असावे. ते एवढेच म्हणाले, “मुलीची दहावी तेवढी होऊ द्या, सर.”

रात्री झोप आली नाही. ‘नुकसान’ या शब्दाने ती घालविली होती. जे आमच्या हाती कधी आलेच नव्हते, त्याचे नुकसान कसे होईल? आणि आम्ही भाडे घेतो ते नेमके कशाचे?

विचार करता भाड्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग बांधलेल्या घराचा. विटा, सिमेंट आणि त्यांत ओतलेली आमची बचत, म्हणजेच आमचे साठविलेले श्रम. त्याचा मोबदला घेण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दुसरा भाग राखणीचा आणि जोखमीचा. गच्ची गळते, मोटर जळते, महापालिकेचा कर भरावा लागतो, घर दोन महिने रिकामे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या तेव्हा टँकरमागे कोण धावले, हे आमचे आम्हांस ठाऊक आहे. हाही भाग न्याय्यच. परंतु तिसरा भाग जागेचा आहे, आणि खरी अडचण तेथे आहे. २०१७ साली मेट्रो बनशंकरीपर्यंत आली आणि आमच्या घराचे मोल वाढले. त्या मार्गाचा एक खांबही आम्ही उभारला नव्हता. कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरांवरून चढवून या शहरात आणले जाते. त्या पंपांना आमचा हात लागलेला नाही. उलट त्या मेट्रोने रोज जाणारा, या शहराचा व्यवहार चालविणारा आणि म्हणून आमच्या जागेचे मोल वाढविणारा जो मनुष्य, तोच वरच्या मजल्यावर राहत होता. त्याने वाढविलेल्या मोलाबद्दल आम्ही त्याच्याचकडून अधिक पैसे मागणार होतो!

हा विचार नवा नाही. रिकार्डोने १८१७ सालीच जमिनीचा खंड श्रमातून नव्हे, तर जागेच्या अनुकूलतेतून निघतो हे दाखविले होते. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ साली त्यावरून पुढचे पाऊल टाकले : समाजाने निर्माण केलेले जमिनीचे मोल करारूपाने समाजाकडेच परत जावे. महात्मा गांधींनी विश्वस्ताची कल्पना मांडली, तीही याच वाटेवरची. परंतु अर्थशास्त्रज्ञ कराबद्दल बोलतात आणि महात्मे हृदयपरिवर्तनाबद्दल. पुढच्या महिन्याच्या करारात कोणता आकडा घालावा, हे दोघेही सांगत नाहीत.

तो आकडा कायद्याने ठरवावा, असे कोणी म्हणेल. त्याचा अनुभव आपण मुंबईत घेतला आहे. १९४७ च्या कायद्याने तेथील प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले. हेतू दयेचा होता. पण भाडे गोठले आणि भिंतींचे वय मात्र गोठले नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे थांबत गेले, आणि कायद्याने बंद केलेल्या दारातून जे येऊ शकत नव्हते ते पागडीच्या रूपाने खिडकीतून आले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक न्यायाला धरून नाही असे म्हटले, आणि पुढे १९९९ चा नवा कायदा आला. इकडे कर्नाटकाने दुसरे टोक गाठले. येथील १९९९ च्या भाडेकायद्यातून शहरातील दरमहा साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या जागा वगळलेल्या आहेत. आज त्या रकमेत बंगळुरात धड खोली मिळणे कठीण. तेव्हा बहुतेक बिऱ्हाडे केवळ कराराच्या भरवशावर उभी आहेत. आणि करार अकरा महिन्यांचा. कारण वर्षाच्या पुढे गेला की त्याची नोंदणी करावी लागते. एका शहरात भाडेकरू हलत नाही, दुसऱ्यात तो स्थिरावत नाही. मधली जागा कायद्याने भरलेली नाही. ती मालकाच्या सद्सद्विवेकालाच भरावी लागते.

येथे एका आक्षेपास उत्तर दिले पाहिजे, कारण तो आम्हीच आमच्यावर घेतला. शिक्षकांस आम्ही स्वस्तात ठेवले, तर सव्वीस हजार मोजू पाहणारा तो तरुण गावाबाहेर कोठेतरी जाईल आणि रोज चार तास रस्त्यावर घालवील. त्याचा काय अपराध? ज्याचा चेहरा ओळखीचा, त्यावर दया आणि अनोळख्याकडून पुरते पैसे, हा न्याय की केवळ सवयीचा पक्षपात? पुष्कळ विचारान्ती आम्हांस वाटते ते असे : दोघांचेही आमच्यावर देणे आहे, पण ते एकाच जातीचे नाही. अनोळख्यास आमची हीच जागा मिळण्याचा हक्क नाही. सरळ वागणुकीचा आहे. तो काय खातो, कोणत्या जातीचा, लग्न झाले आहे काय, असल्या चौकशांनी आम्ही त्यास दारातून परतवू नये, एवढे त्याचे आमच्याकडे निघते. जो आठ वर्षे राहिला त्याचे आणखी काही निघते. त्याच्या मुलीची शाळा, बायकोची गिऱ्हाइके, कोपऱ्यावरच्या वाण्याकडची उधारी ही सारी त्या पत्त्यावर उभी आहेत. ही मालकी नव्हे. पण ती शून्यही नव्हे. आम्ही मराठीत बिऱ्हाड ‘थाटले’ असे म्हणतो. जे थाटले जाते ते केवळ करार संपला म्हणून संपत नाही.

याची उलट बाजूही खरी आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये असा आदेश काढला. तो योग्यच होता. परंतु आमच्या गल्लीत एक वृद्धा होती. तिच्या दोन खोल्यांचे भाडे हेच तिचे निवृत्तिवेतन. मालक म्हटला की धनिक, ही समजूत जितकी सोपी तितकीच चुकीची. म्हणून आम्ही सर्वांसाठी नियम सांगत नाही. ज्याची चूल भाड्यावर पेटते, त्याने बाजारभाव घेतला तर आम्ही त्यास दोष देणार नाही. आमची चूल भाड्यावर पेटत नव्हती.

अनामतीविषयी मात्र आम्ही सर्वांस बोलू. भाडेकरू असताना एका मालकाने घर सोडताना आमच्या अनामतीतून रंगाचे, नळाचे आणि भिंतीवरील खिळ्यांच्या भोकांचे पैसे कापून घेतले होते. उरलेले चार महिन्यांनी, तीन हप्त्यांत मिळाले. ती रक्कम आम्ही नव्या घरासाठी हातउसनी आणली होती. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा सुचविली. या शहरात दहा महिन्यांची रूढी दीर्घकाळ मिरवली गेली. अनामत या शब्दातच उत्तर आहे. ती आपल्यापाशी ठेवलेली दुसऱ्याची वस्तू आहे. तिच्यावर बँकेचे व्याज खाणारा आणि परत देताना कुरकुरणारा मालक भाडे घेत नाही, ठेव बळकावतो.

शेवटी आम्ही काय केले? शिक्षकांशी सोळा हजारांवर तीन वर्षांचा करार केला आणि तो नोंदविला. दरवर्षी शेकडा पाच वाढ त्यांनीच सुचविली. दुसरे बिऱ्हाड रिकामे झाले तेव्हा ते बाजारभावाने दिले. अनामत तीन महिन्यांचीच घेतली. यात आम्ही फार मोठा त्याग केला असे नाही. बाजारभावाने घेतलेल्या त्या भाड्यात मेट्रोचे किती आणि आमचे किती, हे आम्हांस अजून सांगता येत नाही. मुलगी दहावी उत्तीर्ण झाली; पेढे घेऊन खाली आली तेव्हा आम्ही ते घेतले, आणि घेताना थोडा संकोच वाटला. ज्याचे आभार मानावेत असे आम्ही काही दिले होते काय, हा प्रश्न अद्याप उभाच आहे.