वाढोण्याचा परमेश्वर आणि विसोबांचा प्रश्न

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर हिमायतनगर नावाचे स्टेशन लागते. जुनी माणसे गावाला अजून वाढोणाच म्हणतात. हिमायतनगर हे निजामाच्या अमदानीतले नाव. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, थोडे पूर्वेला सरकले की तेलंगणा. महाशिवरात्रीला मराठवाड्यासह या तिन्ही मुलखांतली माणसे इथल्या परमेश्वराच्या यात्रेला येतात. शिवाचे देवस्थान म्हटले की गाभाऱ्यात पिंड असणार, हे कोणीही गृहीत धरतो. वाढोण्याला मात्र उभी मूर्ती आहे आणि लोक तिला महादेव म्हणूनच पूजतात. मूर्तीच्या हातात काय आहे, लक्षणे कोणत्या देवाची, हा खल अभ्यासकांचा. रांगेतल्या बाईला तो पडलेला नसतो. ती परमेश्वराला आलेली असते.

आता खरा पेच इथेच आहे. जो सगळीकडे आहे तोच परमेश्वर, असे आपण म्हणतो. मग त्याला भेटायला वाढोण्याला कशाला जायचे?

हा प्रश्न विचारला तर कोणी नास्तिक ठरवेल अशी भीती मराठवाड्यात तरी बाळगायचे कारण नाही. तो इथल्याच संतांनी विचारला आहे, आणि तोही देवळात बसून. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची कथा घरोघर ठाऊक आहे. पंढरीच्या विठ्ठलाशी लाडाने बोलणारे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड! तेराव्या शतकातली ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिची एक बाजू सहसा नजरेआड होते. देवस्थानाचे माहात्म्य कमी करणारी ही कथा त्याच देवस्थानाने मिरवली आहे. औंढ्याला जाणाऱ्या भाविकाला ती आवर्जून सांगितली जाते, आणि ती ऐकून तो वाकून, अंग चोरून तळघरातल्या अरुंद गाभाऱ्यात उतरतो आणि पिंडीवर डोके टेकतो. यात त्याला कसलीही विसंगती वाटत नाही.

त्याच्याही शंभरेक वर्षे आधी हा वाद याहून धारदार झाला होता. अकराव्या-बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात देवळांचे मोठे काम चालू होते. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर त्याच काळातले. काळ्या दगडाचे प्रत्येक देऊळ 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होण्याची आपली सवय आहे. पण ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. होट्टलच्या पाथरवटांनी छिन्नी धरली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आणि नेमक्या त्या चालुक्यांच्या राजधानीत, आज ज्याला बसवकल्याण म्हणतात तिथे, 1160 च्या दशकात राजा बिज्जळाच्या पदरी असलेले बसवण्णा सांगत होते की देह हेच देऊळ आहे आणि जे स्थावर आहे ते ढासळणारच. ज्या राजधानीच्या मुलखात दगडाचे देऊळ कळसाला पोचले, तिथेच दगडाच्या देवळाची गरज नाकारली गेली. नांदेड-लातूरच्या गावोगावी आजही बसवण्णांना मानणारी, गळ्यात इष्टलिंग धारण करणारी लिंगायत घरे आहेत. हा वाद इथे पुस्तकातला नाही, शेजारपाजारचा आहे.

मग देवळे बांधणारे अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांचे शास्त्रच वाचावे. मूर्ती घडवताना ती दगडच असते. प्राणप्रतिष्ठेनंतर ती देव होते. पुढे देऊळ खचले, मूर्ती भंगली, तर काय करायचे याचे विधी अग्निपुराणात आणि मयमतासारख्या शिल्पग्रंथांत दिलेले आहेत. जीर्णोद्धाराआधी देवाला विनंती करून मूर्तीतले तेज कलशात उतरवून घ्यायचे, काम होईतो त्याची तात्पुरत्या जागी सोय करायची. तेवढ्या काळापुरती मूर्ती पुन्हा दगड होते. म्हणजे देव दगडात अडकलेला नाही, तो आपल्या विनंतीवरून तिथे राहतो, हे मंदिरशास्त्रालाही मान्य आहे. विसोबांनी जे पाय ठेवून सांगितले, तेच हे ग्रंथ विधीच्या भाषेत सांगतात. फरक इतकाच की विधी सांगणारा पुढे जाऊन म्हणतो, बोलावले आहे तर घर नीट ठेवा.

घर नीट ठेवण्यात मात्र आपण कमी पडतो. मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या गावात पिंपळाच्या पारावर काही दगड टेकवलेले दिसतात. शेंदराचे थर इतके चढलेले की नाक-डोळे बुजून जातात. जरा निरखले तर एखादी वीरगळ निघते: तळाच्या कप्प्यात लढाई, वरच्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीसमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावच्या इतिहासाचे हे पान आपण 'कुठला तरी देव' म्हणून तेल ओतून मिटवतो. कोरीव खांबांना ऑइलपेंट, उंबरठ्यावरच्या कीर्तिमुखावर सिमेंट, गाभाऱ्याला न्हाणीघरासारख्या फरश्या. भक्तीत खोट नसते, पण चुना न वापरता नुसत्या खोबण्या आणि कुसवांवर शतके तोललेले दगड रंगाखाली श्वास कोंडून झिजतात, शिलालेखाची अक्षरे भरून जातात.

होट्टलने दुसरी वाट दाखवली. तिथले पडझड झालेले मंदिर राज्य पुरातत्त्व विभागाने सावरून पुन्हा उभे केले. अशा कामात दगड उतरवताना प्रत्येकावर क्रमांक घालतात, आराखड्यावर जागा नोंदवतात आणि मग एकेक दगड आपल्या मूळ जागी बसवतात. आता तिथे होट्टल महोत्सव भरतो, लोक शिल्पे बघायला जातात. काही भाविकांना हे देवाचे प्रदर्शन मांडल्यासारखे वाटते. हा आक्षेप पोकळ नाही. दिवा न लागणारे देऊळ आणि वस्तुसंग्रहालय यांत अंतर उरत नाही. पण रंग फासून, टाइल्स ठोकून देऊळ राखले असे म्हणणाऱ्याने आधी जीर्णोद्धाराचे शास्त्र उघडावे. नवे द्रव्य जुन्याच्या तोडीचे किंवा त्याहून सरस असावे अशी त्याची अपेक्षा आहे. डिस्टेंपर त्यात बसत नाही.

देव सर्वत्र आहे हे एकदा मान्य केले की दगडाकडे दुर्लक्ष करायला एक सोयीचे निमित्तही हाती लागते. विसोबांचा आधार घेऊन असा आळस करता येणार नाही. त्यांचा प्रश्न देवाबद्दल होता. दगडात देव असो वा नसो, आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचा हात त्यात नक्की आहे, आणि तो हात दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

हिमायतनगरला महाशिवरात्रीला जरूर जावे; गर्दीशिवाय यात्रा कळत नाही. पण एकदा साध्या वारीही जावे, परमेश्वरासमोर निवांत उभे राहावे, आणि तिथून होट्टल, औंढा, निलंग्याचा नीळकंठेश्वर अशी वाट धरावी. आपल्या गावात कोरीव दगड किंवा अक्षरे असलेली शिळा असेल तर तिच्यावर रंगाचा डबा रिता करण्याआधी तिचे छायाचित्र काढून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. देवळाच्या विश्वस्तांना हे पटवायला गावातलाच माणूस लागतो.