गर्दीपासून जरा बाजूला



आपल्या धर्मग्रामातील एका आजींना सोबत म्हणून आम्ही काही जण गोंदियाहून रेल्वेने नागपूरला कर्णबधिरांच्या मेळाव्यास गेलो होतो. मिस्सेला मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या आजी तिथे दिवसभर बोलत होत्या. लोक समोर येऊन सावकाश बोलत. नाही कळले तर लिहून दाखवत. तरुणांची खुणांची भाषा मात्र आम्हाला कळेना. त्या घोळक्यात बहिरे आम्हीच ठरलो.

परतताना प्रश्न पडला. चर्च सर्वांचे असताना मनमोकळे बोलायला आजींना इतके दूर का जावे लागले? ‘यंत्र लावले आहे ना,’ असे आपण म्हणतो. पण श्रवणयंत्र प्रवचनाबरोबर पंख्याचा आवाजही वाढवते.

संत मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बहिऱ्या माणसाला प्रथम गर्दीपासून बाजूला नेतो, त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श करतो, वर पाहतो. ‘इप्फाथा’, म्हणजे ‘मोकळा हो’, हा शब्द त्यानंतर येतो. त्या माणसाला कळेल अशी खूण आधी येते. १८८०च्या दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढणारे बिशप लिओ म्युरिन याच वाटेने गेले.

आम्ही आजींना विचारले, ‘तुमच्यासाठी काय करू?’ त्या म्हणाल्या, ‘बोलताना माझ्याकडे पाहा, एवढेच.’

इतक्या वर्षांत हे आपण त्यांना प्रथमच विचारले. येत्या रविवारी पुढच्या बाकावर त्यांची जागा राखू या आणि त्या दिवसाची वाचने आधीच त्यांच्या हाती देऊ या.